अकाली जन्मलेल्या बाळासाठी पावडरचे दूध: सहा महिन्यांचा अनुभव

आमची मुलगी जानेवारीत, सोलापुरात गड्ड्याची यात्रा भरलेली असताना, 32व्या आठवड्यात जन्मली. वजन 1450 ग्रॅम. पहिल्या आठवड्यात मला चमचाभरही दूध येत नव्हते आणि ती ज्या रुग्णालयात पेटीत होती, तिथे मातृदुग्धपेढीचे दूध मिळण्याची सोय नव्हती. म्हणून डॉक्टरांनी नळीवाटे माझे निघेल तेवढे दूध आणि उरलेल्या गरजेपुरते अकाली बाळांसाठीचे फॉर्म्युला दूध सुरू केले. डब्याचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण ही निवड बाळाच्या वजनावर आणि तपासणीवर ठरते.

पाच आठवड्यांनी 1800 ग्रॅम वजनावर तिला घरी आणले. मार्चमध्ये हा डबा संपला तेव्हा औषधाच्या दुकानात तो शिल्लक नव्हता, आणि ‘एक नंबरचा घ्या, सारखाच असतो’ असे सांगून दुकानदाराने नेहमीच्या बाळांचा डबा दिला. आम्ही तो विश्वासाने वापरला. एरवी दिवसाला 25 ग्रॅमच्या आसपास वाढणारे वजन त्या आठवड्यात जेमतेम 60 ग्रॅमने वाढले. डॉक्टरांनी डबा पाहताच कारण सांगितले: साध्या फॉर्म्युल्याच्या 100 मिलिलिटरमध्ये सुमारे 67 किलोकॅलरी असतात, तर अकाली बाळांच्या दुधात सुमारे 80, शिवाय प्रथिने, कॅल्शियम आणि फॉस्फरसही जास्त. तेवढ्याशा पोटात दूध मावते थोडेच, त्यामुळे प्रत्येक घोटात काय आहे हेच महत्त्वाचे ठरते. त्या सात दिवसांची हळहळ मला अजून वाटते.

दुसरी अडचण पाण्याची. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येते, म्हणजे साठवलेलेच वापरावे लागते. आणि पावडर स्वतः निर्जंतुक नसते, हे मला आधी ठाऊक नव्हते. डब्यावर कोमट पाणी लिहिले होते, पण डॉक्टरांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेप्रमाणे उकळलेले पाणी अर्ध्या तासाच्या आत, निदान 70 अंश गरम असतानाच, पावडरीत घालायला सांगितले. मग वाटी थंड पाण्यात धरून दूध कोमट करायचे, बोंडल्याने पाजायचे आणि उरलेले टाकून द्यायचे. एप्रिलच्या उन्हाळ्यात सासूबाई काळजीपोटी ‘जरा पातळ कर, तहान भागेल’ म्हणाल्या. आम्ही तसे केले नाही, कारण पाणी वाढवले की पोषणच कमी होते. डब्यातलाच चमचा सपाट भरून वापरावा. दुसऱ्या डब्याचा चमचा निराळ्या मापाचा असू शकतो.

तक्रारी दोन: शी घट्ट होत असे, आणि डबा महाग पडला. लोह व ड जीवनसत्त्वाचे थेंब वेगळे द्यावे लागलेच.

मे महिन्यात वजन साडेतीन किलोच्या पुढे गेल्यावर डॉक्टरांनी तो डबा बंद करून दिवसातून दोनदा साधा फॉर्म्युला ठेवला, बाकी वेळा माझे दूध. छातीशी कातडीला कातडी लावून धरण्याने ते हळूहळू वाढले होते. आता ती सहा महिन्यांची, पण दुरुस्त वयाने, म्हणजे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजल्यास, चार महिन्यांची आहे, आणि वरचे अन्न कधी सुरू करायचे, हे पुढच्या तपासणीत हे वय धरूनच ठरेल.