जुन्या चमच्यांवरचे ठसे वाचायला ‘30×21’ भिंग: घ्यावे का?

घ्यावे, पण त्यावर कोरलेला 30 हा आकडा खरा धरू नये. ऑनलाइन दोन-तीनशे रुपयांत मिळणारे हे घडीचे भिंग तीसपट दाखवतच नाही. खात्री करायला साधी पट्टी पुरते. भिंग डोळ्याशी धरा, चमचा जवळ आणा आणि ठसा स्वच्छ दिसला की दोन्हींमधले अंतर मोजा. अडीच सेंटिमीटरच्या आसपास भरले तर भिंग दहापट आहे. खऱ्या तीसपट भिंगाला चमचा जेमतेम आठ मिलिमीटरवर आणावा लागतो. तिथे बोट जरा हलले तरी अक्षर निसटते. ठसे वाचायला दहापटच हवे, त्यामुळे कामाला हे भिंग उत्तम आहे.

कडेला मात्र आकृती वाकते, म्हणून पूर्ण ओळ एकदम वाचायला जाऊ नका. एकेक ठसा मधोमध घ्या. खरा त्रास एलईडीचा. दिवा भिंगालगतच असल्याने उजेड चांदीवर समोरून पडतो, चकाकी डोळ्यात येते आणि ठशाची खोली दिसेनाशी होते. दिवा बंद ठेवून खिडकीपाशी बसा, उजेड एकाच बाजूने तिरपा येऊ द्या आणि चमचा सावकाश फिरवा. तरीही लागत नसेल तर निरांजनाची काजळी ठशावर धरा, चमचा गार झाल्यावर वरून सेलोटेप दाबून अलगद काढा आणि पांढऱ्या कागदावर चिकटवा. चौकट पांढरी आणि आतली आकृती काळी उमटते. त्याआधी राख किंवा भांड्यांची पावडर लावून चमचा घासू नका, कृपा करून. शंभर वर्षे टिकलेला ठसा अशा घासण्यानेच जातो.

मराठवाड्यातल्या गढ्या-वाड्यांच्या फडताळांतून निघणारे काटे-चमचे बरेचदा इंग्रजी घाटाचे असतात. त्यांवर आधी सिंह शोधा: पुढचा पंजा उचलून चालणारा. तो असेल तर 925 टंचाची चांदी, म्हणजे हजारात 925 भाग. दुसरा ठसा तपासणीचे शहर सांगतो: बिबट्याचे तोंड म्हणजे लंडन, जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, जुन्या मालावर मुकुट म्हणजे शेफिल्ड. एडिंबरोच्या जुन्या मालावर सिंहाऐवजी थिसलचे काटेरी फूल असते. राजा किंवा राणीचे डोके हा कर भरल्याचा ठसा, 1784 ते 1890 मधला. तपासणीचे साल सांगणारे एक अक्षरही असते, पण ते प्रत्येक शहराचे वेगळे, म्हणून आधी शहर ओळखायचे, मग अक्षराचे वळण आणि चौकटीचा आकार तक्त्याशी ताडायचा. नुसता ‘के’ दिसला म्हणून साल ठरत नाही.

सगळ्यात जास्त चूक होते ती ‘ई पी एन एस’ला. ही चार अक्षरे बरेचदा वळणदार लिपीत, चार वेगळ्या चौकटींत मारलेली असतात. साध्या डोळ्यांना हॉलमार्कची ओळच वाटते. अर्थ एवढाच की निकेल सिल्व्हरवर चांदीचा मुलामा. निकेल सिल्व्हर म्हणजे जर्मन सिल्व्हर: तांबे, जस्त आणि निकेल, चांदी शून्य. (आपण ‘जर्मनचे पातेले’ म्हणतो ते ॲल्युमिनियम, ही धातू वेगळी.) ‘90’ या आकड्यानेही घात होतो. ती नव्वद टक्के चांदी नव्हे. बारा चमचे आणि बारा काटे अशा चोवीस नगांवर मिळून 90 ग्रॅमचा मुलामा. ‘800’ आणि सोबत चंद्रकोर व मुकुट असेल तर मात्र माल जर्मनीचा आणि चांदी खरी, हजारात आठशे.

हत्तीचा ठसा दिसला तर कलकत्त्याच्या हॅमिल्टन कंपनीचा विचार करा, ‘ओ एम’ आणि ‘भुज’ दिसले तर कच्छच्या ओमरसी मावजींचा. इंग्रजी अमलात हिंदुस्थानात सरकारी तपासणीचा ठसा सक्तीचा नव्हता, म्हणून हे ठसे कारागिराची सही आहेत, टंचाची हमी नाहीत. त्यावर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण नाही म्हणून कोणी माल खोटा म्हणत असेल तर ऐकू नका. आपल्याकडे चांदीचे हॉलमार्किंग 2005 ला सुरू झाले आणि आजही ऐच्छिक आहे.

भिंगाचे काम इथे संपते, पुढे वजन. वजनकाट्यावर पाण्याचा उंच ग्लास ठेवून आकडा शून्य करा. 62 ग्रॅमचा चमचा दोऱ्याने पूर्ण बुडवा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. चमच्याच्या वजनाला काट्यावरच्या आकड्याने भागले की घनता येते: काटा 6 ग्रॅमच्या आसपास दाखवेल तर 10.3, म्हणजे 925 शी जुळते. 7.1 दाखवला तर 8.7, जर्मन सिल्व्हर. सराफ्यात मशीनवर टंच काढून घेणार असाल तर लक्षात ठेवा, ते यंत्र वरचा पातळ थरच वाचते. जाड मुलामाही चांदी म्हणून पास होतो. चमच्याच्या पाठीवर, टेबलाला टेकून झिजलेल्या जागीही मोजायला सांगा. तिथे तांबे-निकेल वाढले तर उत्तर मिळाले.

सुऱ्यांना पाण्याची रीत लावू नका. पाते पोलादाचे, मूठ चांदीच्या पातळ पत्र्याची आणि आत राळ भरलेली. मुठीवर सिंह असला तरी पूर्ण सुरीच्या वजनावर चांदीचा भाव लावून घेऊ नका, आणि गरम पाण्यात भिजवत ठेवलीत तर राळ सुटून पाते हातात येईल.