गॅलापागोस : सोळा प्रवाशांच्या जहाजातून

इक्वेडोरच्या गॅलापागोस बेटांसाठी सोळा प्रवाशांचे छोटे जहाजच निवडावे, कारण राष्ट्रीय उद्यानाच्या नियमानुसार एका मार्गदर्शकासोबत १६ हून अधिक पर्यटक नसतात आणि अशा जहाजावरचे सगळेजण एकदमच किनाऱ्यावर उतरतात. फर्नांदिना बेटाच्या काळ्याकुळकुळीत लाव्हावर सागरी इग्वाना (समुद्रात पोहणारे मोठे सरडे) एकमेकांवर रेलून ऊन खातात, मध्येच नाकपुड्यांतून खारट पाण्याची पिचकारी मारतात. शेजारी उडता न येणारा पाणकावळा आपले खुरटे पंख वाळवत उभा असतो. प्राण्यांपासून २ मीटर दूर राहण्याचा नियम आपण पाळतो, इग्वाना मात्र पाळत नाहीत. मार्गदर्शक जाणकार होता. केबिन मात्र अरुंद असून इंजिनाच्या आवाजाने झोपमोड होई, आणि एवढ्या पैशांत पाण्यात उतरताना घालायचे वेटसूट तरी विरलेले नसावेत.