लोहा ओळीतून वादळखोलीचा दरवाजा बनवला: काम चांगलं, पण काट्यापाशी स्वतः उभं राहा

नागपुरातल्या इतवारीच्या लोहा ओळीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून घरच्या वादळखोलीसाठी (वादळात जीव वाचवायला बसायची भक्कम खोली) लोखंडी दरवाजा, चौकट अन् चौकट भिंतीत पक्की धरणारे अँकर घेतले, त्याचा हा रिव्ह्यू. तक्रारही आहे म्हणून दुकानाचं नाव टाकत नाही. 5 पैकी साडेतीन स्टार.

दुकानात सगळे एकच विचारून राहिले होते, "काहो भाऊ, घरी तिजोरी बांधता का?" आमचं घर मानेवाड्याच्या पुढे, वरचा मजला पूर्ण टिनाचा. मे महिन्यात दुपारी 44-45 डिग्री तापलं अन् चारनंतर आभाळ काळं झालं की मग शेजाऱ्यांच्या टिना, फ्लेक्स, रिकाम्या सिंटेक्सच्या टाक्या कोणाच्या अंगणात जाऊन पडतील काही नेम नाही. आयएस 875 मधे, म्हणजे इमारतीवरच्या भाराच्या भारतीय मानकात, नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर धरलाय, म्हणजे ताशी 158 किमीच्या आसपास. अमेरिकेत टॉर्नेडोच्या पट्ट्यात जी सेफ रूम बांधतात ती ताशी 250 मैलांसाठी, म्हणजे 400 किमी, अन् तिच्या भिंतीवर-दारावर 15 पौंडाचा लाकडी वासा ताशी 100 मैलांनी मारून टेस्ट करतात. आपल्याला तेवढं कशाला पाहिजे, पण फेमाची (तिकडची सरकारी आपत्ती व्यवस्थापन संस्था) ड्रॉइंग फुकट मिळतात, त्यातलं डोकं वापरायला काय जातं.

तिकडे जमिनीखालीही बांधतात, ते इथं विसरा. आपली काळी माती पावसात फुगते अन् उन्हाळ्यात भेगाळते, वरून सप्टेंबर 2023 मधे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला तेव्हा लोकांच्या खालच्या मजल्यात किती पाणी शिरलं ते सगळ्यांनी पाहिलंय. म्हणून मी जिन्याखालची जागा घेतली. 8 इंची पोकळ ब्लॉक, पोकळीत सळई टाकून काँक्रीट भरलं, वर स्लॅब. सळया खाली प्लिंथला कशा बांधायच्या ते ओळखीच्या इंजिनीअरला दाखवून घेतलं, बाकी काम घरचंच. तिकडच्या हिशोबात बसलेल्या माणसाला 3 चौरस फूट पुरतात, पण आपल्या उकाड्यात डबल धरा अन् हवेसाठी भोकं ठेवा.

खरी मेख दरवाज्यात आहे. भिंत कितीही भक्कम असली तरी वारा दारातूनच आत घुसतो, म्हणून 14 गेजची शीट (2 मिमी जाड; गेजचा आकडा वाढला की शीट पातळ), 3 बिजागऱ्या, 3 ठिकाणी कडी अन् दार आतल्या बाजूला उघडणारं पाहिजे, बाहेर झाड पडलं तर बाहेर उघडणारं दार हलणारच नाही ना राजा! दुकानदार दोन आल्ड्रॉपवर अडून बसला होता, "सगळे दोनच लावतात", तिसरा मी लावूनच घेतला.

आता तक्रार. 14 गेज म्हणून शीट कापायला घेतली, मी म्हटलं आधी काट्यावर ठेवा. 3 बाय साडेसहा फुटाची 2 मिमीची शीट 28 किलोच्या आसपास भरायला पाहिजे, ही 22 च्या थोडी वर जाऊन थांबली, म्हणजे सरळ 16 गेज. मालक म्हणे पोराने चुकून काढली. असेलही बाप्पा, पण चूक नेहमी पातळ शीटकडेच काऊन होते? बदलून लगेच दिली, वाद घातला नाही, त्याचे मार्क दिले.

फिटिंगचं काम मात्र एक नंबर. चौकटीला केमिकल अँकर लावले, म्हणजे भिंतीच्या भोकात चिकट मसाला भरून त्यात बोल्ट बसवतात ते, अन् जो पोरगा आला होता त्याने प्रत्येक भोक ब्रशने घासलं, सायकलच्या पंपाने फुंकलं, परत घासलं, राखाडी भुकटी निघायची बंद झाली तेव्हाच मसाला भरला. बरेच जण हे करत नाहीत अन् मग धुळीमुळे अँकर पकडच घेत नाही. उन्हाळ्यात मसाला लवकर जमतो म्हणून सकाळी सातला येऊन बसला होता. वेल्डिंग पण साफ, रेड ऑक्साईडचे दोन हात मारून दिले.

बायकोने खोलीत आत्ताच लोणच्याच्या बरण्या अन् जुन्या गाद्या टाकून ठेवल्यात, ते वेगळं भांडण चालू आहे.

घ्यायला जायचं तर सकाळी जा, दुपारनंतर त्या ओळीत गाडी घुसत नाही. अन् टेम्पोवाल्याशी भाव आधीच ठरवा, दरवाजा उचलायला चार माणसं लागली की तो लगेच पैसे वाढवून मागते.