१६ हजारांचा आरओ आधी घेतला, २०० रुपयांचा टीडीएस मीटर नंतर (तीन वर्षं वापरून)

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण हा किस्सा बहुतेक सगळ्याच कंपन्यांचे सेल्सवाले करतात असं ऐकलंय. आम्ही पुण्यात राहतो, कॉर्पोरेशनचं पाणी येतं, खडकवासल्याचं. तीन वर्षांपूर्वी सोसायटीत स्टॉल लागला होता, तिथला मुलगा आरओचा, म्हणजे पाण्यातले क्षार गाळून काढणाऱ्या मशीनचा, डेमो द्यायला घरी आला. दोन ग्लास घेतले, एकात आमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याने आणलेलं आरओचं, दोन्हीत धातूच्या दांड्या बुडवल्या आणि बटण दाबलं. मिनिटभरात आमचं पाणी गटारासारखं तपकिरी, त्याचं तसंच स्वच्छ. "मॅडम, हे तुम्ही रोज पिताय." झालं, मशीन बुक.

यातली गंमत खूप उशिरा कळली. तो गाळ पाण्यातला नसतोच, दांडीतला असतो! साध्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात, त्यामुळे त्यातून करंट जातो आणि लोखंडी दांडी झिजून गंज पाण्यात उतरतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, करंटच जात नाही, म्हणून ते स्वच्छ दिसतं. गेल्या वर्षी जाऊबाईंकडे असाच एक डेमोवाला आला होता तेव्हा मी त्याच्या आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकलं आणि म्हटलं आता लाव. तेही तपकिरी झालं. चहा न घेताच गेला बिचारा.

मग टीडीएस मीटर मागवला, तो पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो (लिटरमागे किती मिलिग्रॅम). नळाचं पाणी ९० च्या आसपास, मशीनचं ९. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा टीडीएस ५०० पर्यंत चालतो, आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तर ५०० च्या खाली असेल तिथे आरओ वापरूच देऊ नका असं केंद्राला सांगितलं होतं. म्हणजे मी आधीच चांगलं असलेलं पाणी आणखी "चांगलं" करत होते आणि वर एक लिटर प्यायच्या पाण्यामागे जवळजवळ तीन लिटर बेसिनमध्ये सोडत होते (बादली लावून मोजलंय, आता त्यात फरशी पुसतो). चवही अगदी सपक. कॅल्शियम तसंही मुख्यतः जेवणातून मिळतं, त्यामुळे घाबरण्यासारखं काही नाही, पण पैसे गेले ते गेलेच.

आता मशीनची बाजू. एप्रिल-मेमध्ये सोसायटीत टँकर येतो, बोअरचं पाणी, तेव्हा मीटर ६४० दाखवतो आणि मशीनमधून ६०-६५ येतं, तिथे खरंच काम करतं. आईला मात्र मीटर लागत नाही. ती सोलापूरची, जन्म बोअरच्या पाण्यात गेलेला. कुकरची एक शिट्टी जास्त लागली की म्हणते, आज टँकर आलाय वाटतं. जड पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो, ही सगळी त्याच क्षारांची करणी.

एक गोष्ट मीटर सांगत नाही ती म्हणजे जंतू. टीडीएस ५० असलेल्या पाण्यानेही कावीळ होऊ शकते, तो फक्त क्षार मोजतो. जंतूंसाठी यूव्ही (जंतू मारणारा अतिनील प्रकाश) किंवा सरळ उकळणं, पावसाळ्यात आम्ही उकळतोच. आणि मशीनची टाकी धूत जा हो, कार्बन फिल्टर पाण्यातलं क्लोरीन काढून टाकतो, म्हणजे टाकीत साठलेल्या पाण्याला राखणदार कुणी उरत नाही. आमच्या टाकीत दुसऱ्या वर्षी बुळबुळीत थर सापडला होता. सर्व्हिसवाला एएमसीचे, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचे, साडेचार हजार घेतो, कँडल बदलतो, टाकीचं झाकण मात्र मी म्हणेपर्यंत एकदाही उघडलं नव्हतं.

परत घ्यायची वेळ आली तर साधा यूव्हीवाला घेईन आणि टँकरच्या दोन महिन्यांचं बघू काहीतरी. वर्षभर बोअरवर असाल तर आरओ घ्या, पैसे वसूल होतील. आई अजूनही मशीनचं पाणी माठात ओतूनच पिते.

मशीनला ३ स्टार, डेमोला शून्य. बिल्डिंगमधल्या कुणाला मीटर हवा असेल तर घेऊन जा, पण परत आणून द्या, मागच्या वेळी तिसऱ्या मजल्यावर दोन महिने अडकला होता.