गुलाबी सुई, काळी सुई: चिंगीला घरी सलाईन लावण्याचे आठ महिने

गेल्या मंगळवारी मेडिकलवाल्याकडे गुलाबी बुडाच्या सुया नव्हत्या, म्हणून त्याने काळ्या बुडाच्या दहा दिल्या. त्या रात्री आमच्या मांजरीने, चिंगीने, आठ महिन्यांत पहिल्यांदा मला बोचकारलं. हातावर चार इंच ओरखडा आहे, आणि राग मला तिचा नाही, त्या सुईचा आला आहे.

चिंगी चौदा वर्षांची. फेब्रुवारीत रक्त तपासलं तेव्हा क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा) ३.९, म्हणजे किडनीच्या आजाराची तिसरी पायरी. ज्यांच्या घरी असं मांजर आहे त्यांना बाकीचं माहीत आहे: सारखं पाण्यावर जाणं, शूच्या वाळूतले मोठाले गोळे, सकाळची उलटी, हाताला लागणारे पाठीचे मणके. क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं तोवर किडनीचं साधारण तीन चतुर्थांश काम गेलेलं असतं, हे मला नंतर कळलं. दोन वर्षं ती जास्त पाणी पीत होती आणि आम्ही उन्हाळ्यावर ढकलत होतो. हे मला अजून लागतं.

अंगातलं पाणी टिकावं म्हणून कातडीखाली सलाईन द्यायचं ठरलं. पहिला महिना त्यासाठी दिवसाआड दवाखान्यात नेलं. एका वेळचे ४५० रुपये, वर टॅक्सी. पंधरा फेऱ्यांचे ६७५० नुसते सलाईनचे. तिथला मदतनीस २२ नंबरची, म्हणजे काळ्या बुडाची सुई लावायचा. "बारीक आहे ताई, दुखणार नाही." मी विश्वास ठेवला. १०० मिलि जायला वीस मिनिटं लागायची, आणि कुत्र्यांच्या भुंकण्यात तेवढा वेळ तिला टेबलावर दाबून धरायचं. टोपली दिसली की ती कपाटामागे जाऊन बसायची. मला शिकवा म्हटलं, तर "घरी नाही जमत कोणाला" एवढंच उत्तर. आमच्या लालबागेत जनावर आजारी पडलं की लोक आधी परळच्या बैलघोडा हॉस्पिटलचं नाव घेतात. मला मात्र ओळखीतून एक डॉक्टरबाई मिळाल्या. त्यांनी अर्ध्या तासात सगळं शिकवलं आणि पहिल्यांदा हातात दिली ती १८ नंबरची, गुलाबी बुडाची सुई. एवढी जाड बघून माझ्या पोटात गोळा आला.

चार मिनिटं. १०० मिलि चार मिनिटांत गेलं. चिंगी सासूबाईंच्या मांडीवर बसून चमचाभर ओलं खाणं चाटत होती.

२२ नंबरची सुई बाहेरून ०.७ मिमी, १८ नंबरची १.२ मिमी. फरक दिसायला किरकोळ आहे, पण आतलं भोक जवळपास दुप्पट होतं आणि पाणी कितीतरी पटीने जास्त वाहतं. मांजराला टोचणं क्षणभर कळतं. धरून ठेवणं मात्र शेवटच्या थेंबापर्यंत कळतं. खांद्यांच्या मधली कातडी मऊ आणि सैल असते, तिथे फार नसा नसतात. ती चिमटीत वर उचलायची, तंबू होतो, त्याच्या तळाशी सुई अंगाला समांतर घालायची. उभी घातली तर पलीकडून बाहेर येते आणि सगळं पाणी केसांवर. पहिल्या आठवड्यात माझं तीनदा तसं झालं.

बाटली गॅलरीतल्या आकाशकंदिलाच्या हुकाला टांगते. उंची जितकी जास्त तितकी धार चांगली. आधी बाटली कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवायची. दोन थेंब मनगटावर टाकले की ते गरमही लागू नयेत आणि गारही. मांजराचं अंग आपल्यापेक्षा थोडं गरम असतं, ३८ ते ३९ अंश, त्यामुळे गार सलाईनने ती शहारते. नंतर खांद्यावर उंटासारखा फुगा येतो, कधी पुढच्या पायावर उतरतो. सकाळपर्यंत जिरतो.

बाटलीवरच्या रेषांवर विसंबू नका. प्लास्टिकची बाटली आत आकसते आणि आकडा चुकतो. मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर आधी आणि नंतर वजन करते: शंभर ग्रॅम कमी झाले म्हणजे १०० मिलि गेलं. आणि सलाईन फक्त आरएल, म्हणजे रिंगर लॅक्टेट. मेडिकलवाल्याने एकदा "तेच आहे" म्हणून डीएनएस दिली होती. त्यात ग्लुकोज असतं, ते कातडीखाली द्यायचं नाही. नाव वाचून घ्या.

खर्च: ७० ची बाटली पाच दिवस, बाटलीबरोबर नळीचा नवा सेट ३० चा, सुई चार रुपयांची. दिवसाला २४ रुपये. मी भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणारी बाई आहे, पण सुई दुसऱ्यांदा वापरत नाही. एकदा वापरून बघितली. टोक बोथट होतं, ती दचकली, आणि जंतूंची भीती वेगळीच.

हे इथवर बुधवारी लिहिलं होतं. शुक्रवारी लालबागभर फिरले, गुलाबी कुठेच नाही. एका दुकानात पिवळ्या बुडाची, २० नंबरची मिळाली. बाहेरून ०.९ मिमी. मन मारून आणली. सहा-सात मिनिटं लागली, पण टोचताना तिने कानसुद्धा हलवला नाही. गुलाबीला ती दरवेळी किंचित आकसायची आणि मी ते सवयीचं समजत होते. सुई काढल्यावर भोकातून पाणीही कमी गळलं. चार रात्री झाल्या, तसंच आहे. म्हणजे मी आठ महिने ज्या सुईची बाजू घेत होते तिच्याहून आमच्या चिंगीला पिवळी बरी. तिने तीन मिनिटं जास्त बसायला हरकत नाही असं ठरवलंय, तर माझीही नाही. काळी मात्र पुन्हा घरात येणार नाही.

खाण्याचं थोडक्यात. किडनीचं खास खाणं महाग आहे आणि सुरुवातीला ती तोंड लावत नव्हती. तिला आयुष्यभर सुकट लागायची. सुकटीत मीठ आणि काट्यांसकट फॉस्फरस, म्हणजे या आजारात नको ते सगळं. ती बंद करणं हे सलाईनपेक्षा अवघड गेलं. सासूबाई पदराआड चार दाणे द्यायच्या, आणि मला त्यांच्यावर चिडता येत नव्हतं. शेवटी ओल्या खाण्यात कोमट पाणी कालवून दिलं, वास सुटला, तेव्हा खाल्लं.

किती द्यायचं ते डॉक्टरांनीच ठरवायचं. हृदय कमजोर असेल तर पाणी छातीत साठू शकतं. झोपेत श्वास जोरात चालायला लागला तर सलाईन थांबवून फोन करायचा. तपासणीला नेताना वजन त्या दिवशीच्या सलाईनच्या आधीचं धरा, नाहीतर शंभर ग्रॅमचा खोटा आनंद होतो.

फेब्रुवारीत वजन ३.१ किलो होतं, आता ३.३. क्रिएटिनिन ३.२. आजार गेलेला नाही, जाणारही नाही. पण ती पुन्हा खिडकीत चढते आणि संध्याकाळी कोळीणीची हाक आली की दाराशी जाऊन बसते.

दिवाळी आली. मुलाने विचारलं, कंदील कुठे लावू? सासूबाई म्हणाल्या, "खिडकीच्या गजाला लाव. तो हूक चिंगीचा आहे."