आठ फुटी पूल टेबल, नवे कापड आणि खरी लेव्हल: पुण्यातील एका दुरुस्ती सेवेविषयी

पूल टेबल दुरुस्त करणाऱ्याची पारख नव्या कापडावरून करू नये, कापड चढण्यापूर्वी स्लेट (कापडाखालचा दगडी तळ) उघडी असताना तो काय करतो यावरून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. बाणेर भागातील आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमधील टेबलाचे काम कॅम्पातून चालणाऱ्या एका छोट्या सेवेकडून नुकतेच करून घेतले. काही तक्रारी असूनही मी ही सेवा इतरांना सुचवीन, आणि त्याचे मुख्य कारण लेव्हलचे काम हेच आहे.

आमचे टेबल तीन तुकड्यांच्या स्लेटचे आहे. अशा आठ फुटी टेबलाचे वजन साडेतीनशे-चारशे किलोच्या घरात जाते, त्यामुळे ते हलवताना रेल (टेबलाच्या कडेच्या पट्ट्या), कापड आणि स्लेटचे तुकडे सुटे करावे लागतात. सभागृहाचे नूतनीकरण चालू असताना घरसामान हलवणाऱ्या मजुरांनी मात्र ते अखंड उचलून शेजारच्या खोलीत नेले, आणि तेव्हापासून हळू सोडलेला चेंडू शेवटच्या फूटभरात डावीकडे वळू लागला. पाहणीसाठी आलेल्या मिस्त्रींनी जोरदार फटका मारून पाहण्याच्या भानगडीत न पडता चेंडू अगदी मंद गतीने चारही दिशांना सोडून पाहिला. वेगात असलेला चेंडू उतार लपवतो, थांबत आलेला चेंडू तो दाखवतो. मग खाली वाकून त्यांनी पायांचे बोल्ट आणि लाकडी चौकट तपासली आणि दोष स्लेटच्या सांध्यांत व चौकटीत आहे, नुसते पाय वरखाली करून भागणार नाही, असे सांगितले. यापूर्वी आलेल्या एकाने पायाखाली पुठ्ठा सरकवून पैसे घेतले होते, हे येथे नमूद करणे भाग आहे.

प्रत्यक्ष काम मी बहुतांश वेळ उभा राहून पाहिले. रेल उतरवल्यावर जुने कापड काढले, सांध्यांतील तडकलेले मेण खरवडले, तुकड्यांवर क्रमांक घातले आणि स्लेट बाजूला ठेवून आधी चौकट समपातळीत आणली. त्यानंतर एकेक तुकडा बसवून त्याखाली पातळ पाचरी सरकवत लेव्हल साधली. यासाठी त्यांनी सुताराची नेहमीची पाणसळ वापरली नाही. यंत्रे बसवणाऱ्यांकडे असते तशी लेव्हल त्यांच्याजवळ होती, जिच्यातला बुडबुडा एक रेघ सरकला तर फुटामागे ०.००५ इंचाइतका उतार समजावा. आठ फुटांच्या लांबीवर हा फरक जेमतेम एक मिलिमीटर भरतो, पण मंद चेंडूला तेवढा पुरतो. दोन तुकडे मिळतात तेथे नख आडवे फिरवून ते कोठे अडते हे पाहणे आणि नख अडले की पुन्हा पाचर हलवणे, यातच अर्धा दिवस गेला. सांधे भरण्यासाठी गाडीच्या पत्र्याला लावतात ती लांबी का वापरली नाही, असे मी विचारले. पुढच्या वेळी टेबल सोडवताना कडक झालेली लांबी स्लेटच्या कडा उडवते, मेण मात्र गरम करून सहज निघते, असे उत्तर मिळाले आणि ते मला पटले.

कापडाच्या बाबतीत लव असलेले आणि लव नसलेले असे दोन्ही प्रकार त्यांनी दाखवले. स्नूकरला शोभणारे लवदार कापड नेहमी एकाच दिशेने ब्रश करावे लागते. मुले, पाहुणे आणि हौशी मंडळी खेळतात त्या टेबलावर ही शिस्त कोण पाळणार, म्हणून आम्ही लोकर-नायलॉनचे गुळगुळीत कापड निवडले. ताण सर्वत्र सारखा आला आहे, फक्त मधल्या एका पॉकेटच्या तोंडाशी बारीक चुणी राहिली होती. ती त्यांनी फोन केल्यावर येऊन काढली खरी, पण जाण्यापूर्वीच दिसायला हवी होती.

कुशनचे, म्हणजे रेलच्या आतील रबरी कडेचे, काम मला तितकेसे पटलेले नाही. एका रेलवरून चेंडू मलूल आवाज करत परतत असे. बोल्ट आवळून फरक पडतो का हे त्यांनी आधी पाहिले (पुष्कळदा दोष तेवढाच असतो), पण रबरच कडक झाल्याचे आढळल्याने त्या एका रेलचे रबर बदलले. कुशनच्या नाकाची (पुढे आलेल्या टोकाची) उंची चेंडूच्या व्यासाच्या साधारण ६३.५ टक्के, म्हणजे ५७ मिलिमीटरच्या चेंडूला सुमारे ३६ मिलिमीटर असावी लागते, आणि ती त्यांनी मोजून बसवली. तरीही पाच रेल जुन्या आणि एक नवी असल्याने चेंडूच्या उसळीत फरक जाणवतो. त्याची पूर्वकल्पना त्यांनी दिली होती, तेव्हा हा दोष आमच्या सोसायटीच्या अंदाजपत्रकाचाही आहे.

बिलात मजुरी आणि कापड वेगवेगळे दाखवले होते, परंतु वाहतुकीचा खर्च अंदाजपत्रकात नसताना शेवटी जोडला गेला. कापड येण्यासही कबूल केल्यापेक्षा बराच उशीर झाला. विल्सन जोन्स आणि पंकज अडवाणी या बिलियर्ड्सच्या जगज्जेत्यांच्या जन्मगावात चांगल्या कापडाची इतकी वाट पाहावी लागावी, याची गंमत वाटली.

वार्षिक देखभालीचा करार त्यांनी सुचवला, पण दरमहा भेटीची गरज मला वाटली नाही. टेबल नव्याने बसल्यावर काही आठवड्यांनी एकदा आणि पुढे पावसाळा संपल्यावर एकदा लेव्हल तपासून घेतली की पुरे, कारण दमट हवेत स्लेट हलत नसली तरी लाकडी चौकट हलते आणि कापड ओलावा धरून चेंडू मंदावते. चॉकची भुकटी मऊ ब्रशने काढणे, चेंडू पुसणे आणि रेलवर कोणालाही बसू न देणे ही कामे सोसायटीनेच करायची आहेत.

ज्यांच्या टेबलाचा तळ स्लेटऐवजी एमडीएफचा (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीचा) आहे, त्यांनी मात्र या सेवेला बोलावण्यापूर्वी विचार करावा. आमच्या शेजारच्या इमारतीतील तसे एक टेबल मिस्त्रींनी त्याच दिवशी पाहिले, फुगलेला तळ कोणत्याही पाचरीने सरळ होणार नाही असे सांगितले आणि ते काम घेतले नाही.