वाकड्या फळीची कड सरळ करायची: टेबल सॉ, जॉइंटर, ट्रॅक सॉ की हातरंधा?

वखारीतून फळ्या घरी आल्या की पहिलं काम कडेचं. एका अंगाला साल चिकटलेली, दुसऱ्या अंगाला मिलच्या करवतीचे ओरखडे आणि लांबीभर कुठेतरी बाक. सहा फळ्या जोडून जेवणाच्या टेबलाचा टॉप करायचा असेल, तर बारापैकी दहा कडा एकमेकींना इतक्या नीट भिडल्या पाहिजेत की दिव्यासमोर धरल्यावर मधून उजेड दिसू नये. हे काम टेबल सॉवर (टेबलातून गोल पातं वर आलेली करवत) होतं, जॉइंटरवर (फिरत्या पात्यांनी फळी तासणारं मशीन) होतं, ट्रॅक सॉनं (रुळावरून चालणारी करवत) होतं आणि लांब हातरंध्यानंही होतं. काय घ्यायचं हे ठरवताना बहुतेक जण मशीनची किंमत बघतात. मी म्हणेन, आधी फळीकडे बघा आणि मग आपल्या जागेकडे.

फळी सपाट टेबलावर आडवी ठेवा. एक कोपरा दाबल्यावर दुसरा उठत असेल, तर तिला पीळ आहे. अशा फळीची कड टेबल सॉवर कापली, तर फळी पात्यासमोर डुलते आणि कडेचा काटकोन जागोजागी बदलतो. तिची रुंद बाजू आधी रंध्यानं सपाट करावी लागते. टेबल सॉ ते करू शकत नाही. याउलट रुंद बाजू सपाट असून नुसती कड धनुष्यासारखी वाकलेली असेल, तर टेबल सॉइतकं झटपट दुसरं काही नाही.

आणखी एक काम आधी उरका. फळीचे तुकडे करायचेच असतील, तर ते कड सरळ करण्यापूर्वी करा. प्रत्येक तुकडा लागेल त्यापेक्षा दोन इंच लांब ठेवा. बाक लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सहा फुटी फळीला अर्धा इंच, म्हणजे चार सूत बाक असेल, तर तिचे तीन-तीन फुटांचे दोन तुकडे केल्यावर प्रत्येकात साधारण एकच सूत उरतो. दोन्ही कडा सरळ आणि समांतर करताना रुंदी बाकाएवढी घटते. इंचभर जाडीच्या सहा फुटी फळीत अर्धा इंच म्हणजे घनफुटाचा 48 वा भाग. सहा फळ्यांचा मिळून आठवा भाग. बल्लारशाच्या सागाचा भाव विचारून आलेल्या माणसाला हा हिशेब लगेच कळेल.

टेबल सॉ आणि प्लायची पट्टी

वाकडी कड थेट फेन्सला, म्हणजे टेबलावर पात्याला समांतर असलेल्या आधारपट्टीला, टेकवून फळी कधीही ढकलू नका. बाहेर फुगलेली कड फेन्सवर डुलते, फळी फिरून पात्याच्या मागच्या दातांत अडकते आणि ते दात तिला उचलून तुमच्या अंगावर फेकतात. आत वळलेली कड दोन टोकांवर टेकते म्हणून सुरक्षित वाटते, पण पुढचं टोक फेन्स ओलांडून गेलं की तिचाही आधार सुटतो.

उपाय स्वस्त आहे. 18 मिमी प्लायची आठ फूट लांब, दहा-बारा इंच रुंद पट्टी घ्या. कारखान्यातून आलेली कड बहुधा सरळ असते, तरी तपासा. कडेनं रेघ मारा, पट्टी उलटवून तीच कड रेघेच्या दोन्ही टोकांना लावा आणि पुन्हा रेघ मारा. दोन्ही एकावर एक आल्या तर कड सरळ. मधे फट दिसली तर खरा दोष त्या फटीच्या निम्मा. ही कड फेन्सला लावून पट्टीची दुसरी कड एकदा कापून घ्या आणि मग फेन्स हलवू नका. आता पातं जिथून जाणार ती रेषा म्हणजेच पट्टीची कड. फळी पट्टीवर ठेवायची, जेवढं कापून टाकायचं तेवढंच बाहेर काढायचं, दोन-तीन टॉगल क्लॅम्पनी (दांडा दाबला की पकडणारे चिमटे) घट्ट दाबायची आणि पट्टीसकट ढकलायची. फेन्सला टेकते ती प्लाय. फळीची कड कितीही वाकडी असली तरी कट सरळच येतो. मग फळी मोकळी करून नवी कड फेन्सला लावली की दुसरी कड समांतर निघते.

या पद्धतीचा सगळ्यात मोठा फायदा फारसं कोणी सांगत नाही. कट कुठून जावा हे तुम्ही ठरवता. सागाच्या फळीतल्या रेषा कडेला तिरक्या जात असतील, तर फळी पट्टीवर थोडी फिरवून रेषांना धरून कापता येतं. जोडल्यावर टॉप एकाच फळीचा वाटावा असं काम त्यातून होतं. सालीलगतचा पांढरा भाग किंवा कडेची गाठही हवी तेवढी टाळता येते. जॉइंटर फळीच्या आहे त्या कडेच्याच मागे जातो, तिथे ही मोकळीक नाही.

10 इंची पातं उभं असताना सुमारे 79 मिमी कापतं. 18 मिमी प्लायमध्ये गेले तरी 60 मिमी उरतात, टेबलाच्या फळीला पुरून उरतात. पातं 24 दातांचं, उभ्या कापाचं, म्हणजे फळी लांबीनं चिरायचं घ्या आणि कार्बाइडच्या दातांचंच घ्या; सागात सिलिका असते, साधी धार लवकर बसते. पात्यामागचा रायव्हिंग नाइफ काढून ठेवू नका. आतला ताण मोकळा झाला की कापलेली फट मागून मिटू लागते, तेव्हा पातं चिमटीत सापडू न देणारी तीच एक पट्टी असते.

अडचण जागेची. आठ फुटी फळी पात्याआधी आठ फूट आणि पात्यानंतर आठ फूट मागते. वर टेबल आणि तुम्ही उभे राहायची जागा धरली, तर वीस फूट मोकळे हवेत. दहा बाय पंधराच्या गाळ्यात हे बसत नाही, आणि दारातून फळी बाहेर काढून केलेल्या कामात मागचा आधार नीट राहत नाही.

जॉइंटर

जॉइंटर दोन कामं करतो: आधी रुंद बाजू सपाट, मग कड तिच्याशी काटकोनात. पीळ पडलेल्या फळ्या वारंवार हाती येत असतील, तर त्याला खरा पर्याय हातरंधाच. पण नुसत्या कडेसाठी तो घेणार असाल तर थांबा. एका फेरीत तो मिलिमीटरभर काढतो. अर्ध्या इंचाचा बाक घालवायला दहा-बारा फेऱ्या लागतात, आणि टेबल सॉ तेच एका फेरीत करतो. शिवाय ढोबळ नियम असा की जॉइंटरच्या एकूण टेबलाच्या लांबीच्या दुपटीपर्यंतचीच फळी त्यावर नीट सरळ होते. तीन फुटी छोटं मशीन घेऊन सहा फुटी फळी केली, तर ती त्याची शेवटची हद्द.

जुन्या वाड्याचं लाकूड वापरणाऱ्यांनी जास्त जपावं. पुण्या-नाशकात वाडे उतरवताना निघालेल्या सागात खिळे मोडून आत राहिलेले असतात, आणि एक खिळा जॉइंटरच्या सगळ्या पात्यांना खाच पाडतो. आधी चुंबक फिरवा, मेटल डिटेक्टर असेल तर उत्तमच.

ट्रॅक सॉ

इथे फळी जागेवर राहते आणि मशीन चालतं, म्हणून लांब आणि जड फळीसाठी, आणि फ्लॅटमध्ये काम करणाऱ्यासाठी मला हाच योग्य वाटतो. जमिनीवर थर्माकोलची जाड शीट, तिच्यावर फळी, फळीवर रूळ. 160 मिमी पात्याचे ट्रॅक सॉ साधारण 55 मिमी खोल जातात. नेहमीचा रूळ 1400 मिमीचा असतो, सहा फुटांना दोन जोडावे लागतात, आणि तो जोड सरळ आहे ना हे लांब पट्टीनं बघावंच लागतं. अरुंद फळीवर रूळ डुलतो. शेजारी त्याच जाडीचा तुकडा ठेवून आधार द्या.

आपल्याकडे अनेक सुतार हातातलं कटर मशीन प्लायच्या टेबलाखाली उलटं बसवून टेबल सॉ बनवतात. सरावाच्या हातांनी वर्षानुवर्षं केलेलं हे काम मी पाहिलं आहे आणि त्या कौशल्याचा आदरही आहे. पण त्यात रायव्हिंग नाइफ नसतो, गार्ड नसतो, हाताशी बंद करायचं बटण नसतं. वाकडी फळी त्यावर चिरायला मी कोणालाही सुचवणार नाही. त्याच कटरला सरळ ॲल्युमिनियमच्या चॅनलच्या आधारानं फळीवरून चालवलं, तर बराच धोका कमी होतो.

हातरंधा

22 इंची लांब रंधा खड्ड्यात उतरत नाही, उंचवटेच कापतो. म्हणूनच तो सरळ करतो. अर्धा इंच बाक त्यानं घालवणं म्हणजे एका कडेला घाम गाळत दुपार. पण करवतीनंतरचा शेवटचा हात म्हणून त्याला तोड नाही. जोडायच्या दोन फळ्या पुस्तकासारख्या मिटून, कडा वर करून एकत्र रंधा. काटकोन थोडा चुकला तरी उघडून जोडल्यावर एकीची चूक दुसरीची भरपाई करते.

टेबल सॉवरही हेच तत्त्व वापरता येतं. पातं अर्धा अंश कललेलं असेल तर 25 मिमी जाडीत फरक फक्त 0.2 मिमी, पण पाच सांध्यांत तो एकाच दिशेनं साठला तर टॉप पाच अंश वळतो. म्हणून सांध्याची एक कड फळीची वरची बाजू वर ठेवून आणि तिची जोडीदार कड खालची बाजू वर करून कापा. खडूनं खुणा करून ठेवल्या की गोंधळ होत नाही.

राउटरचं (वेगानं फिरणाऱ्या छोट्या पात्यानं लाकूड कोरणारं हातमशीन) नाव मुद्दाम मागे ठेवलं. सरळ पट्टीच्या आधारानं तो दोन-तीन मिमी सुंदर काढतो, त्यापेक्षा जास्त बाक त्याच्यावर टाकू नये.

मग काय घ्यायचं?

एकच टेबल करायचं असेल आणि यातलं काहीच हाताशी नसेल, तर काही घेऊ नका. पुण्याच्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटसारख्या ठिकाणी किंवा जवळच्या मिलमध्ये फळ्यांना रंधा मारून कडा काढून मिळतात का विचारा, आणि एक चांगला हातरंधा तेवढा विकत घ्या. टेबल सॉ आहे आणि वीस फूट जागा आहे, तर प्लायची पट्टी करा आणि शेवटचा पातळ थर रंध्यानं काढा. माझे बहुतेक टॉप असेच झाले आहेत. जागा नसेल तर ट्रॅक सॉ. महिन्याला कित्येक फळ्या, त्याही पीळ पडलेल्या हाताळत असाल, तेव्हा जॉइंटरचा विचार करा, आणि टेबल लांब असलेलाच घ्या.

कोणतीही पद्धत निवडा, पहिल्या कटाला तीन मिमी जास्त ठेवा. माझ्या पहिल्या टॉपच्या फळ्या मी पावसाळ्यात एका दिवसात कापून संध्याकाळी जोडायला घेतल्या, आणि सकाळी अगदी सरळ असलेली एक कड मधे सूतभर उघडी पडलेली दिसली. आता मी कापून फळ्या आडव्या रचते, प्रत्येकीत बारीक पट्ट्या घालून हवा खेळू देते, आठवडाभर थांबते आणि मगच शेवटचा कट घेते. तोंडाला मास्क मात्र दोन्ही वेळा.